फास्ट

पलंगाच्या डोक्याशी नर्सने पाटी अडकवली: फास्टिंग.
मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही नाही, सकाळी ऑपरेशन.
लॉरी इस्बिस्टर, वय एक्क्याऐंशी,
मान वळवून पाटी वाचून लेकीला म्हणाला,
"बघ ऑस्ला, मला खुंट्याला बांधलंय."

त्याच्या लेखी या शब्दाचा अर्थ एवढाच.
शेटलंडमधल्या येल बेटाच्या धक्क्यावर
जन्मभर तो हेच ओरडत आला होता: मेक हर फास्ट!
म्हणजे होडी बांध. दोराचे दोन वेढे, वर आडवा फास,
आणि हात काढून घे, बोटं जातील.

ऑस्ला नऊ वर्षांची असताना
होडी तिच्या गाठीतून निसटून
पार खाडीच्या तोंडाशी गेली होती.
"गेली की फास्ट!" शेजारचा मॅग्नी खिदळला.
बाप चिडला नाही. टोपी काढून उभा राहिला.
बांधलेली ती फास्ट,
आणि सुटून पळाली तीही फास्ट?

उत्तर मिस हॅल्क्रोकडे होतं,
जिच्या वर्गात शेगडीपाशी ओले मोजे वाळत असत.
मुळात, ती म्हणाली, घट्ट. नुसतं घट्ट.
मग कुणीतरी घट्ट धावलं, म्हणजे जीव खाऊन.
त्याच्या पाठीला घट्ट चिकटून दुसरा धावला.
आणि कुठल्याशा हिवाळ्यात, कुणाच्या ध्यानात न येता,
घट्टपणा वाटेत सांडला, धावणं तेवढं उरलं.
अन्नापासून मन घट्ट आवरलं, तो उपास.
सकाळी मोडला, तो ब्रेकफास्ट.
"आणि मिस, फास्ट झोप लागते ती?"
"तेव्हा झोपेनं तुला धरलेलं असतं. तू कुठे पळतेस?"

हे मी मराठीत लिहितोय,
म्हणून एक क्रियापद मला फुकट मिळालं.
उपास धरतात. होडी वेग धरते.
ऑस्लाची आई दगडफूल उकळून लोकर रंगवायची,
मग धुऊन, पिळून, खिडकीशी नेऊन बघायची:
रंगानं धरलं का? तिचाही शब्द तोच, फास्ट.
लॉरीला हे सांगायला हवं होतं.
त्याला पटलं नसतं,
पण दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्यानंच ते चौघांना सांगितलं असतं.

साडेतीनला यंत्राचा आवाज बदलला.
माणसं आली, पडदा ओढला,
कुणीतरी ऑस्लाच्या खांद्याला हात लावून तिला बाजूला व्हायला सांगितलं
आणि तिला होता येईना:
तिची चार बोटं म्हाताऱ्याच्या मुठीत होती.
एकेक सोडवावी लागली.
करंगळी शेवटी.

अ‍ॅबर्डीनहून आलेला तरुण डॉक्टर,
डोळ्यांवर झोप, बुटांवर निळी प्लास्टिकची पिशवी,
म्हणाला, "इट वॉज व्हेरी फास्ट."
धीर द्यायला म्हणाला बिचारा.
तिला ऐकू आलं: खूप घट्ट होतं.
"हो," ती म्हणाली, "फार."

पाटी काढायची राहूनच गेली.
कागद सह्या करून झाले, चष्मा, दाढीचं सामान,
आईनं विणलेली ती टोपी, अजून पहिल्याइतकीच तांबूस.
कँटीनमधल्या बाईनं न विचारता टोस्ट पुढे ठेवला.
ऑस्लाच्या लक्षात आलं,
रात्रभर तिच्याही पोटात काही नव्हतं,
पाटी तिच्या नावाची नसताना.
टोस्ट तिनं कागदात गुंडाळून घेतला.

टॉफ्टच्या धक्क्यावरून दहाची फेरी.
पाणी शिशासारखं, वारा बेताचा.
पलीकडे येलला बोट लागताना
तिनं गाडीतून उतरून कठड्याशी उभ्यानं टोस्ट खाल्ला,
गार, कडक, लोण्याचा पत्ता नाही.
खलाशाच्या पोरानं दोर भिरकावला आणि ओरडला.
काय ओरडला ते वाऱ्यात गेलं.
तिनं कठड्यावरचा हात काढून घेतला.